घरच्या घरी पत्रेकाम: ग्वाल्हेरात शिकायला आणि हत्यारं जमवायला किती खर्च येतो

20 गेजच्या 8 बाय 4 फुटी पत्र्याचं वजन 21 किलोच्या थोडं वर भरतं. साध्या कोल्ड रोल्ड पत्र्याचा भाव किलोला 75 ते 90 रुपये धरला, तर अख्खा पत्रा सोळाशे ते एकोणीसशे रुपयांत हाती येतो. एवढ्यात एक दणकट हत्यारपेटी, दोन-तीन ट्रे आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवरचं झाकण सहज होतं, वर सरावाला तुकडे उरतात. म्हणजे या छंदात माल महाग नाही. पैसे जातात ते हत्यारांत, आणि त्यातले निम्म्याहून अधिक चुकीच्या क्रमाने घेतलेल्या हत्यारांत. आधी ग्राइंडर, मग वेल्डिंग मशीन, मग व्हाइस आणि शेवटी गुण्या असा उलटा प्रवास केलेली घरं मी बरीच पाहतो. तो सुलटा केला तर पहिल्या वर्षाचा सगळा खर्च, शिकण्यासकट, 27 ते 38 हजारांत बसतो.

हे लिहितोय ते ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी. लष्कर भागातल्या जुन्या वाड्याचा चौक, मुरारच्या घरामागची मोकळी जागा, नाहीतर नव्या वसाहतीतलं गाडीचं शेड, यातलं काहीतरी एक बहुतेकांकडे असतं. निवृत्त झालेले अभियंते असतात, इंजिनिअरिंगला गेलेली पण कानस कधी न धरलेली मुलं असतात. खालचे भाव जीएसटी धरून आणि गोल आकड्यांत दिले आहेत. लोखंडाचा भाव सतत हलतो, म्हणून आकड्यांपेक्षा हिशेबाची रीत लक्षात ठेवा.

ती रीत अशी. 1 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला 7.85 किलो. 8 बाय 4 फुटांत जवळपास 2.98 चौरस मीटर येतात, म्हणून जाडीचे मिलिमीटर गुणिले 23.4 केलं की अख्ख्या पत्र्याचं वजन निघतं. 18 गेज म्हणजे 1.22 मिमी, 20 गेज 0.91, 22 गेज 0.71, 24 गेज 0.56. ॲल्युमिनियम याच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, पण किलोचा भाव कितीतरी जास्त. शिकणाऱ्याने पहिले काही महिने 22 गेजवरच राहावं. 24 गेज सहज वाकतो, पण जरा चुकीचा ठोका बसला की पोचा पडतो. 18 गेज हाताच्या कात्रीला दाद देत नाही आणि नवशिक्याचा मनगटावरचा विश्वास उडवतो.

शिकायचं कुणाकडे

पत्रेकामाचा रीतसर अभ्यासक्रम आयटीआयमध्ये ‘शीट मेटल वर्कर’ या नावाने आहे, एक वर्षाचा. नोकरी करणाऱ्याला किंवा साठी ओलांडलेल्याला तो जमणार नाही, पण त्याची पुस्तकं जमतील. चेन्नईची निमी ही सरकारी संस्था आयटीआयची पाठ्यपुस्तकं काढते, या विषयाच्या सिद्धांताचं आणि प्रात्यक्षिकाचं अशी पुस्तकं वेगवेगळी असतात. प्रात्यक्षिकाचं पुस्तक आधी घ्या. त्यातले सराव ओळीने केले, तरी आखणी, कापणी, घडी, शिवण, रिव्हेट असा पाया बसतो. ‘भारत स्किल्स’ या सरकारी संकेतस्थळावर अभ्यासक्रम फुकट बघायला मिळतो.

पण हात बसतो तो कारागिराजवळ. ग्वाल्हेरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. इथला उन्हाळा 45 अंशांच्या पलीकडे जातो, म्हणून शहरात कूलरची बॉडी बनवणारे कारागीर जागोजागी आहेत. जस्ती पत्र्याच्या पेट्या आणि ट्रंका बनवणारेही आहेत. यंत्राशिवाय, चार हत्यारांत हे लोक जे करतात तेच घरच्या वर्कशॉपमध्ये करायचं असतं. फेब्रुवारीनंतर कूलरवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीनंतरचा आणि थंडीचा काळ शिकायला उत्तम. कारागिराला ‘उस्ताद’ म्हणा, शिकायचं आहे हे सरळ सांगा आणि अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, चारशे-पाचशे रुपये. सहा ते आठ अर्ध्या दिवसांत, म्हणजे अडीच ते चार हजारांत, जे कळतं ते महागड्या शिकवणीत कळत नाही. फुकट बघत उभं राहणाऱ्याला कुणी काही शिकवत नाही, आणि शिकवावं तरी का?

काय बघायचं तेही सांगतो. कारागीर अँगलच्या कडेवर पत्रा ठेवतो, रेघ कडेला जुळवतो आणि सगळ्यात आधी दोन टोकं लाकडी मोगरीने जरा जरा खाली बसवतो. वीसेक अंशच. आता पत्रा हलत नाही. मग एका टोकाकडून दुसऱ्याकडे ठोके सारखे देत जातो, पुन्हा उलटा येतो, दर फेरीला थोडा कोन वाढतो. नवशिका एकच टोक एकदम नव्वद अंशांपर्यंत नेतो, तिथला पत्रा ताणला जातो आणि कड सापासारखी होते. मग कितीही ठोकलं तरी ती सरळ येत नाही. मोगरीचा ठोका रेघेच्या जवळ बसतो, पत्र्याच्या मोकळ्या टोकावर नाही. हे दोन मुद्दे डोळ्यांनी पाहिले की पुढच्या दहा चुका टळतात.

त्याच्याकडून तीन गोष्टी आवर्जून करून घ्या: कडेत तार भरणं, दोन पत्र्यांची कुलपी शिवण, आणि डब्याचा तळ बसवणं. तार भरायला तारेच्या व्यासाच्या अडीच पट पत्रा जास्त धरतात. शिवणीसाठी शिवणीच्या रुंदीच्या तिप्पट. ट्रंकवाल्याला हे आकडे विचारले तर तो बोटाने दाखवेल, आणि मोजलंत तर तेवढंच निघेल.

तांब्यावरचं ठोक्याचं काम बघायचं असेल तर पुण्याला गेल्यावर कसबा पेठेतली तांबट आळी चुकवू नका. मोगरी आणि हातोडा धरायची पद्धत, पाट्यावर भांडं फिरवायची लय, हे तिथे रस्त्यावरूनही दिसतं. मात्र तांबं आणि पितळ शिकाऊ हाताला परवडत नाही. आधी लोखंड.

पहिले दहा हजार

पहिल्या खरेदीत व्हाइसला सगळ्यात जास्त पैसे द्या. चार इंची नवी व्हाइस दोन ते तीन हजारांत येते, पण जुनी चांगली मिळाली तर ती घ्या. बिरलानगर-हजिराच्या बाजूला एके काळी गिरण्या-कारखान्यांची गर्दी होती. जुनं यंत्रसामान आजही शहरातल्या भंगारात फिरतं. जुनी व्हाइस तपासायची ती अशी: जबडा अर्धा उघडा आणि पुढचा भाग वर-खाली हलवून बघा, थोडी हालचाल चालते, खटखट आवाज नको. मग कागदाच्या दोन पट्ट्या जबड्याच्या दोन टोकांना धरून व्हाइस हलकेच आवळा. दोन्ही पट्ट्या सारख्या घट्ट बसल्या पाहिजेत. एक सुटत असेल तर जबडा तिरका झिजलाय, पत्रा कधीच सरळ धरला जाणार नाही. वेल्डिंगने सांधलेली बीड व्हाइस कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

बाकीचं यादीवजा सांगतो. सरळ पत्र्याची कात्री दहा इंची, साडेचारशे ते सातशे. डावीकडे आणि उजवीकडे वळणाऱ्या एव्हिएशन कात्र्यांची जोडी बाराशे ते अठराशे. लाल मुठीची डावीकडे, हिरव्या मुठीची उजवीकडे आणि पिवळी सरळ कापते, हा रंगांचा संकेत जवळजवळ सगळ्या कंपन्या पाळतात. स्टीलची फूटपट्टी, सहा इंची गुण्या, स्क्रायबर, डिव्हायडर आणि सेंटर पंच मिळून सातशे ते साडेअकराशे. 300 ग्रॅमचा बॉलपीन हातोडा अडीचशे ते साडेतीनशे, नायलॉनची किंवा लाकडाची मोगरी जवळपास तेवढ्यालाच. दोन कानशी, एक चपटी आणि एक अर्धगोल, मिळून पाचशे ते सातशे. हॅक्सॉ अडीचशे ते चारशे. हाताची रिव्हेट गन तीनशे ते पाचशे. चष्मा, हातमोजे, कानाचे प्लग मिळून सहाशे ते आठशे. आणि 50 बाय 50 बाय 6 मिमीच्या अँगलचे दोन तुकडे, दीड-दोन फुटी, पाचशेच्या आत. बेरीज 7 हजारांपासून साडेदहा हजारांपर्यंत जाते.

गुण्या मात्र दुकानातच तपासा. सरळ कडेच्या पाटीवर गुण्या टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. मध्ये फट पडून फाकल्या तर दुसरा मागा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. खोट्या गुण्यावर आखलेली पेटी शेवटच्या कोपऱ्यात अर्धा सेंटिमीटर उघडी राहते, आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

ग्वाल्हेरचा मेळा दर हिवाळ्यात भरतो. 1905 मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झालेला हा मेळा हिंडायला छान. चकचकीत पेटीत शंभर नग असलेला हत्यारांचा संच मात्र कुठेही दिसला तरी तिथेच राहू द्या. त्यातले बहुतेक नग पत्रेकामाला लागतच नाहीत, आणि लागतात ते मऊ पोलादाचे निघण्याची शक्यता फार. तेच पैसे लोहिया बाजारात सुट्या, नावाजलेल्या कंपनीच्या हत्यारांवर खर्च करा. तापारियाच्या कात्र्या आणि पकडी, जे. के.च्या कानशी, ही नावं कुठलाही मिस्त्री सांगेल.

आहे ते हत्यार सुधारा

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण इथे पैसे जवळपास लागत नाहीत आणि काम एकदम बदलतं.

नवा हातोडा काढा आणि त्याचं तोंड उजेडात तिरकं धरा. कारखान्यात घासल्याचे ओरखडे दिसतील, कड धारदार लागेल. हे सगळं प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर छापलं जातं. कानशीने कड गोल करा, मग 120, 240, 400 आणि शेवटी 1000 नंबरचा पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर ठेवून तोंड घासा. तोंडाला अगदी किंचित फुगवटा राहू द्या. पन्नास रुपयांचा कागद आणि एक संध्याकाळ. त्यानंतर हा हातोडा खिळ्याला लावायचा नाही, त्यासाठी दुसरा ठेवा.

कात्री बोथट झाली म्हणून लोक दोन्ही बाजूंनी घासतात आणि ती कायमची बिघडवतात. पाती एकमेकींवर जिथे सरकतात ती आतली सपाट बाजू कधीच घासायची नाही. बाहेरचा उतार आहे त्याच कोनात बारीक कानशीने दोन-चार हात घासायचा, मग आतल्या बाजूची आलेली बर दगडावर सपाट धरून एकदाच काढायची. त्याआधी बोल्ट बघा. कात्री पत्रा कापायच्या ऐवजी दुमडते तेव्हा दहातल्या आठ वेळा बोल्ट सैल असतो.

व्हाइसच्या जबड्यांवरची खाचरी पत्र्यावर ठसे उमटवते. ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे जबड्यांवर घातले की प्रश्न मिटला. ड्रिलचा साधा बिट पातळ पत्र्यात आरपार जाताना अडकतो आणि पत्रा गरकन फिरतो. हात कापण्याचं हे एक नेहमीचं कारण. पत्रा लाकडाच्या दोन फळ्यांत आवळून भोक पाडा, किंवा चारशे-सहाशे रुपयांचा स्टेप ड्रिल घ्या, भोक गोल आणि स्वच्छ येतं. ड्रिल चालवताना हातमोजे काढून ठेवा. कात्रीने कापताना घाला.

घडी घालायचं यंत्र घरीच

बाजारात दोन फुटी बेंच बेंडर बारा ते वीस हजारांना पडतो. तोच अँगलचा घरी केला तर दोन ते अडीच हजारांत होतो, आणि पहिला मोठा प्रकल्प म्हणून याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

65 बाय 65 बाय 6 चे 600 मिमीचे तीन तुकडे लागतात. हा अँगल मीटरला 5.8 किलो, म्हणजे जवळपास साडेदहा किलो लोखंड, सातशे ते आठशे रुपये. अँगल 6 मीटरच्या लांबीत येतो, पण बरेच दुकानदार कापून देतात. कापणावळ आधी विचारा. एक तुकडा टेबलाला पक्का, दुसरा त्याला दोन जाड बिजागऱ्यांनी जोडलेला पाळण्यासारखा फिरणारा, तिसरा वरून पत्रा दाबणारा. बिजागऱ्या आणि बोल्ट चारशे-साडेचारशे, मुठीसाठी पाइपचे तुकडे दीडशे, आणि वेल्डिंगची मजुरी सहाशे ते हजार. तुमच्याकडे मशीन असलं तरी पहिल्यांदा हे वेल्डिंग पक्क्या वेल्डरकडून करून घ्या. सांधा आखडून अँगल वाकला तर यंत्र निकामी.

सगळी गंमत बिजागरीच्या जागेत आहे. दोन्ही अँगल एकाच पातळीत ठेवले की त्यांच्या वरच्या कडा जिथे भेटतात, बिजागरीच्या खिळ्याचा मध्य नेमका त्या रेघेत यायला हवा. दोन-तीन मिलिमीटर खाली गेला तर फिरणारा अँगल पत्र्यावरून घसरतो, ओरखडे येतात आणि घडी गोलसर येते. म्हणून आधी दोन्ही अँगल एकमेकांना क्लॅम्पने आवळा, बिजागऱ्या जुळवा, फक्त टाके मारून घ्या, फिरवून बघा आणि मगच पक्कं वेल्डिंग. दाबणारी पट्टी कडेपासून साधारण पत्र्याच्या जाडीइतकी मागे ठेवायची.

पहिल्या घडीत दोन टोकं नव्वद अंशांत येतील आणि मधला भाग थोडा उघडा राहील, कारण अँगल मध्ये वाकतो. दाबपट्टीवर उभी पट्टी वेल्ड करून तिला कणा द्या, आणि तरीही राहिलं तर मधोमध कागदाच्या एक-दोन घड्या सारा. हौसेने यंत्र चार फुटी करायला जाऊ नका. दर सेंटिमीटरवर तेवढाच जोर धरला, तर लांबी दुप्पट केल्यावर मधला वाक सोळापट होतो. दोन फुटी यंत्रावर 22 गेज पूर्ण रुंदीत, 20 गेज निम्म्या रुंदीत चांगला वाकतो. जाडी 0.71 वरून 0.91 वर गेली तर लागणारा जोर दीडपटीहून जास्त वाढतो, म्हणून तिथे रुंदीवर समाधान मानायचं.

यंत्र झालं की एक पट्टी वाया घालवा. 100 मिमी लांब, तीन सेंटिमीटर रुंद पट्टी मधोमध आखून नव्वद अंशांत वाकवा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज 100 नाही येणार. समजा 101.7 आली. मग या जाडीला, या यंत्रावर, दर घडीमागे 1.7 मिमी वजा करायचे. बाहेरून 200 मिमीचा तळ आणि 40-40 च्या बाजू असा ट्रे करायचा असेल तर पत्रा 280 नाही, 276.6 कापायचा. हा आकडा यंत्रावरच रंगाने लिहून ठेवा, प्रत्येक गेजसाठी वेगळा.

वीज, आवाज आणि वेल्डिंग

दुसऱ्या टप्प्यात ड्रिल अडीच ते साडेतीन हजार, चार इंची ग्राइंडर बावीसशे ते तीन हजार, सहा सी-क्लॅम्प मिळून दीड हजार, वर सांगितलेला स्टेप ड्रिल आणि बेंडर. यात आणखी एक खर्च मिळवा जो लोक टाळतात: 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग, तीन ते चार हजार. लोखंडी टेबल, पावसाळ्याची ओल आणि सोललेली वायर एकत्र आली तर जीव वाचवणारी तीच एक गोष्ट आहे. सगळं मिळून साडेअकरा ते पंधरा हजार. टेबलासाठी चार ते सहा हजार वेगळे ठेवा: अँगलची चौकट, वर 18 मिमी प्लाय, आणि ते भिंतीला बोल्टने पक्कं.

ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणाऱ्याचं अनुकरण करू नका, तो कितीही जुना कारागीर असो. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणं तर निव्वळ आत्मघात. चकतीवर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असायला हवा, हे प्रत्येक चकतीवर वाचून बघा.

लष्करातल्या गल्ल्यांत घरं भिंतीला भिंत लावून आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. ग्राइंडर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज नव्वदच्या वर सहज जातो. शेजारच्या काकूंना आधी सांगा, दुपारी झोपायची वेळ विचारा, ऐरणीखाली जुन्या टायरचा तुकडा घाला. ठोकण्याचा आवाज निम्मा तिथेच मरतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बाराच्या पुढे काम करू नये. उन्हात राहिलेला पत्रा हात भाजतो, आणि घामाने चष्मा धुरकटतो तेव्हाच बोट कापतं. कापलंच तर पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख डॉक्टरांना विचारा.

वेल्डिंग मशीन घेऊ का, असा प्रश्न सगळे विचारतात. माझं उत्तर पहिल्या वर्षी नको असं आहे. 200 अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन सहा ते नऊ हजारांत येतं, ऑटो काचेचं हेल्मेट आणि चामड्याचे मोजे आणखी दीड-अडीच हजार. पण त्याच्या 2.5 मिमी रॉडने 22 गेजचा पत्रा सांधायला गेलात तर भोकंच पडतील. पातळ पत्र्याला मिग किंवा टिग लागतं आणि तो खर्च अठरा हजारांपासून तीसच्या पुढे जातो. रिव्हेट आणि शिवणीने 22 गेजचं जवळजवळ सगळं काम होतं. वर्षातून चार वेळा टाके मारायचे असतील तर शेजारच्या वेल्डरला दोनशे रुपये द्या.

जस्ती पत्रा वेल्ड करायचा प्रसंग आला तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हे टळतं अशी समजूत कारागिरांत आहे, टळत नाही. सोल्डरिंग करत असाल तर शिसं असलेला कथील खाण्यापिण्याच्या भांड्याला लावू नका.

पत्रा घेताना

दुकानात ‘20 गेज’ सांगून 0.8 मिमीचा पत्रा देणं सर्रास चालतं. वजनावर घेतलात तर पैशांचं नुकसान नाही, काम मात्र नरम होतं. नगावर घेतलात तर 8 बाय 4 मागे अडीच किलोहून जास्त लोखंड, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास, हातचे जातात. सातशे ते बाराशे रुपयांचा डिजिटल व्हर्नियर खिशात ठेवा, आणि कडेची बर टाळून जरा आत मोजा. कोल्ड रोल्ड पत्र्याला भारतीय मानक 513, जस्ती पत्र्याला 277. घड्या जास्त असतील तर बाजारात ‘डी’ किंवा ‘डीडी’ म्हणतात तो दर्जा मागा, तो सहसा तडकत नाही. सरावासाठी अख्खा पत्रा घेऊच नका. कूलरवाल्याकडची कतरण किलोला चाळीस-साठ रुपयांनी मिळते, दोन ते तीन हजारांचा माल वर्षभर पुरतो.

पोलाद आणि हत्यारं दोन्हींवर 18 टक्के जीएसटी आहे. बिलाशिवाय स्वस्त देतो असं कुणी म्हणालं तर पत्र्याच्या बाबतीत तुम्ही ठरवा, विजेच्या हत्याराच्या बाबतीत मात्र बिल सोडू नका. त्याशिवाय वॉरंटी नाही. दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क लागत नाही.

ऐरण म्हणून रुळाचा तुकडा सगळ्यांना हवा असतो, आणि ग्वाल्हेरात हा मोह जास्तच. इथली 610 मिमी रुंदीची नॅरो गेज श्योपूरपर्यंत धावायची, ती 2020 मध्ये थांबली. भंगारात बारका रूळ दिसला की जीव हुरळतो. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविरुद्ध 1966 चा कायदा आहे, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो माल रीतसर आला हे दाखवायची पाळी तुमच्यावर येते. रेल्वेच्या लिलावाचा कागद दाखवणाऱ्याकडूनच घ्या आणि त्याची प्रत ठेवा. नाहीतर 50 मिमी जाडीची लोखंडी चकती किंवा जुन्या ट्रकच्या ॲक्सलचा तुकडा दोन-चारशे रुपयांत मिळतो, घासून चकचकीत केला की पत्र्याला तोच उपयोग.

पीएम विश्वकर्मा योजनेचे 15 हजार रुपये हत्यारांना मिळतील का, असंही विचारतात. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेली ही योजना अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. त्यात लोहार, कुलूप बनवणारे, हातोडे आणि हत्यारसंच बनवणारे येतात. छंद म्हणून करणारा येत नाही. तुम्हाला शिकवणारा उस्ताद मात्र यातल्या व्यवसायात बसत असेल तर त्याची नोंदणी झाली आहे का विचारा. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज पाचशे रुपये, हत्यारांचे 15 हजार आणि पाच टक्के व्याजाने आधी एक, मग दोन लाखांपर्यंतचं कर्ज, हे त्याचं हक्काचं आहे. अर्ज भरताना कागद जुळवायला, ऑनलाइन केंद्रात सोबत जायला तुमचा एक दिवस त्याला द्या.